आधी तंत्रनिकेतन, मग पदवी

शेतकरी बंधूंनो, मिरगाच्या तोंडावर आपल्या घरात दोन हिशेब एकदमच उभे राहतात. एक बी-भरणाचा आणि दुसरा दहावी झालेल्या लेकराचा. पहिल्या हिशेबात आपण तरबेज. कोणत्या रानात सोयाबीन, कुठं तूर, घरचं बियाणं किती आणि पिशवीतलं किती, यावर बांधावर उभं राहून आपण तास तास बोलतो. दुसऱ्या हिशेबाला मात्र अर्धा तासही मिळत नाही. शेजारच्याचं पोरगं जिकडं गेलं तिकडं आपलंही घालायचं, आणि दोन वर्षांनी कपाळाला हात लावायचा.

आज त्या दुसऱ्या हिशेबाबद्दल लिहितो आहे. सगळ्याच लेकरांबद्दल नाही. ज्याला इंजिनिअर व्हायचंय, किंवा ज्याच्या बापाला त्यानं इंजिनिअर व्हावं असं वाटतंय, त्याच्याबद्दल. माझं म्हणणं असं की अशा लेकरानं डोळे झाकून अकरावी-बारावी सायन्सच्या मागं लागू नये. दहावीनंतर जिल्ह्याच्या तंत्रनिकेतनात, म्हणजे आपण ज्याला पॉलिटेक्निक म्हणतो तिथं, तीन वर्षांची पदविका करावी आणि मग अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जावं. हा रस्ता काही नवीन नाही, चोरवाटही नाही. पण आपल्याकडं त्याला अजून कमी लेखतात. "पोराला अकरावी सायन्सला घातलंय" हे पारावर मोठ्यानं सांगितलं जातं आणि "डिप्लोमाला घातलंय" म्हणताना बापाचा आवाज खाली येतो. का येतो, हे मला अजून उमगलेलं नाही.

आधी वर्षं मोजा. अकरावी-बारावीची दोन आणि पदवीची चार, झाली सहा. पदविकेची तीन आणि थेट दुसऱ्या वर्षाला गेल्यावर पदवीची उरलेली तीन, झाली तीही सहा. विद्यापीठाची पदवी दोघांना सारखीच.

फरक पडतो तो मध्येच थांबावं लागलं तर. आणि आपल्या घरांत मध्येच थांबावं लागतं, हे तुम्हाला सांगायला नको. एका वर्षी पाऊस डोळे वटारतो, दुसऱ्या वर्षी ऐन काढणीत झोडपतो, घरात आजारपण निघतं, थोरलीचं लग्न ठरतं. बारावीवर थांबलेल्या पोराच्या हातात फक्त गुणपत्रिका असते. पदविकेवर थांबलेला पोरगा स्थापत्य, यंत्र किंवा विद्युत शाखेचा पदविकाधारक असतो. जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा अशा खात्यांत स्थापत्य शाखेच्या कनिष्ठ अभियंत्याच्या जागेला तो अर्ज करू शकतो. जागा निघतात कधी आणि भरतात कधी, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, तो इथं काढत नाही. वाळूज, चाकण, रांजणगावच्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवार म्हणून तो उभा राहू शकतो. नाहीच काही जमलं तर तालुक्याला एखाद्या ठेकेदाराकडं साइटवर लेव्हल धरायला तरी त्याला बोलावतात, आणि महिन्याला घरी चार पैसे येतात. दोन वर्षं पैसे साठवून पुन्हा पदवीला जाता येतं. माझ्या पाहण्यात अशी पोरं आहेत.

पैशाचा हिशेब याहून सोपा. शासकीय तंत्रनिकेतनाचं वर्षाचं शुल्क काही हजारांत भागतं. लातूरला दोन वर्षं शिकवणी, खोली आणि मेस म्हटलं की आकडा लाखांत जातो. खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात वर्षाचं शुल्क लाखाच्या घरात असतं, आणि पदविकेवरून जाणाऱ्याला ते चारऐवजी तीनच वर्षं भरावं लागतं. वाचलेलं एक वर्ष म्हणजे आपल्या दोन-चार एकरवाल्याचा अख्खा हंगाम आहे.

आमच्या भावकीतलं एक उदाहरण सांगतो, नाव घेत नाही. पोराला दहावीला ८६ टक्के पडले. गावात पेढे वाटले. बापाला साडेचार एकर कोरडवाहू. त्यातलं दीड एकर तीन सालांसाठी दुसऱ्याला लावून दिलं आणि पोराला शिकवणीला ठेवलं. पोरगं वाईट नव्हतं, पण मराठी शाळेतून एकदम तिथल्या गर्दीत पडलं. मागच्या बाकावर काय ऐकू येतंय आणि काय नाही, हे विचारायची त्याला भीड वाटायची. बारावीला साठच्या आसपास, सीईटीत त्याहून खाली. मग लांबच्या एका खासगी महाविद्यालयात जागा मिळाली. पहिल्याच वर्षी गणिताचे दोन्ही पेपर राहिले, दुसऱ्या वर्षाचं शुल्क भरायच्या वेळेला पोरगं घरी आलं ते आलंच. आज त्याच्या हातात बारावीची गुणपत्रिका आहे आणि ते दीड एकर अजून दुसऱ्याकडंच आहे.

त्याचाच चुलतभाऊ दहावीला ६८ टक्क्यांचा. त्याला कुणी पेढे वाटले नाहीत. तो शासकीय तंत्रनिकेतनात स्थापत्यला गेला. त्याचं पुढं काय झालं ते नंतर सांगतो, कारण त्याचीही वाट सरळ गेली नाही.

आता नियम काय आहेत ते नीट ऐका, कारण गावात यावर अर्धवट माहितीच जास्त फिरते. पदविकेला दहावीला किमान ३५ टक्के लागतात. पात्रता एवढीच, प्रत्यक्ष जागा मात्र गुणवत्ता यादीनं मिळते. शासकीय तंत्रनिकेतनात चांगल्या शाखेला गुणही चांगलेच लागतात. प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन प्रक्रियेतून होतो. तीन वर्षांची सहा सत्रं, परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची. पदविका झाली की पदवीच्या दुसऱ्या वर्षासाठी वेगळी केंद्रीय प्रवेश प्रक्रिया असते. तिला सीईटी नाही, पदविकेच्या गुणांवर यादी लागते. खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४०. प्रत्येक महाविद्यालयात मंजूर जागांच्या दहा टक्के जागा या पोरांसाठी जादा असतात, शिवाय पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागाही यात येतात. ४५ टक्क्यांवर कुठंतरी जागा मिळेल, पण पुण्याच्या सरकारी महाविद्यालयात संगणक शाखा हवी म्हणाल तर पदविकेला नव्वदीच्याही बरंच पुढं जावं लागतं. आयआयटीत असा थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश नाही.

ज्याला दहावीला फारच कमी गुण पडले त्यालाही जिना आहे. दोन वर्षांची आयटीआय केलेला पोरगा पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला जाऊ शकतो. आयटीआय दोन, पदविका दोन, पदवी तीन. एक वर्ष जास्त लागतं, पण फिटर म्हणून निघालेला पोरगा पदवीधर अभियंता होऊ शकतो. बारावी सायन्स झालेल्यालाही पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हेही लक्षात ठेवा. बारावीला घसरलेल्या पोराचे बाप माझ्याकडं येतात तेव्हा त्यांना हे ठाऊकच नसतं.

जवळच्या, स्वस्त शाळेत आधी शिकायचं आणि मग मोठ्या विद्यापीठात जायचं, ही पद्धत जगात सर्वांत मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत आहे. तिथला अनुभव आपल्याला उपयोगी पडेल म्हणून थोडं विषयांतर करतो. इलिनॉय हे तिकडचं मका आणि सोयाबीन पिकवणारं राज्य. त्या राज्यात शिकागोजवळ जोलिएट नावाचं गाव आहे. १९०१ साली तिथल्या हायस्कुलाचे प्रमुख आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष या दोघांनी मिळून एक प्रयोग केला. महाविद्यालयाची पहिली दोन वर्षं गावातच शिकवायची आणि पुढच्या दोन वर्षांसाठी पोरांना विद्यापीठात पाठवायचं. सुरुवातीला सहा विद्यार्थी होते. आज अमेरिकेत अशी हजाराच्या आसपास महाविद्यालयं आहेत, त्यांना कम्युनिटी कॉलेज म्हणतात. घराजवळ, शुल्क कमी, प्रवेश जवळपास सगळ्यांना खुला. शेतकऱ्याचं, कामगाराचं, परक्या देशातून आलेल्याचं पोर तिथं दोन वर्षं शिकतं आणि मग विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला जातं. जातं म्हणजे, जायचं असतं.

कारण २०२४ साली कोलंबिया विद्यापीठातल्या एका संशोधन केंद्रानं इतर दोन संस्थांबरोबर या पोरांचा माग काढून अहवाल दिला. अशा महाविद्यालयात शिरताना दहातले आठ जण पदवी घ्यायचीच म्हणून शिरतात. त्यातून पुढं विद्यापीठात जातात साधारण एक तृतीयांश. आणि सहा वर्षांत पदवी हातात पडते ती शंभरातल्या सोळा जणांच्या. दार उघडं आहे, पाटी लावली आहे, तरी शंभरातले चौऱ्याऐंशी त्या मुदतीत पोचत नाहीत. कुणी नोकरी करत शिकतो आणि मध्येच थकतो, कुणाला वाट दाखवणारं कोणी नसतं. आणि एक मोठं कारण असं की विद्यापीठ त्यांचे आधीचे विषय पुरते मोजतच नाही. तिथल्या सरकारच्या हिशेबतपासणी कार्यालयानं २०१७ साली अंदाज दिला होता की एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जाताना विद्यार्थ्यांनी कमावलेल्या श्रेयांकांतले ४३ टक्के वाया जातात. म्हणजे शंभर पोती मोंढ्यात नेली आणि आडत्यानं सत्तावन्नच मोजली. कॅलिफोर्निया राज्यानं २०१० साली कायदा करून यावर इलाज केला. ठरलेले विषय केले की राज्याच्या विद्यापीठांत प्रवेशाची हमी.

आपल्याकडं ही अडचण नाही, आणि याबद्दल आपल्या व्यवस्थेला मार्क द्यायला हवेत. पदविका झाली की पदवीचं पहिलं वर्ष झालं असं धरतात. एकही विषय कापत नाहीत. मग आपली पोरं कुठं अडतात? माझ्या पाहण्यात दोन ठिकाणी. एक गणितात आणि दुसरं कागदपत्रांत.

गणिताचं नीट समजून घ्या. पदविकेच्या पहिल्या वर्षात गणिताचे दोन पेपर असतात. त्यात त्रिकोणमिती, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन हे येतं. त्यानंतर बहुतेक शाखांत दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाला गणिताचा पेपरच नाही. पोरगं दोन वर्षं सर्व्हे करतं, ड्रॉइंग काढतं, काँक्रीटचे ठोकळे फोडतं, लेथ चालवतं. हाताला चांगलं वळण लागतं. पण इंटिग्रेशन विसरतं. मग ते पदवीच्या दुसऱ्या वर्षाला बसतं आणि समोर येतं एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर. लाप्लास ट्रान्सफॉर्म, फूरिये सिरीज. बाकावर शेजारी बसलेली पोरं बारावी, सीईटी आणि पहिल्या वर्षाचे दोन पेपर देऊन आलेली, त्यांच्या डोक्यात सगळं ताजं. आपल्या पोराला वाटतं आपण मठ्ठ आहोत. तसं काही नसतं. दोन वर्षं पडीक ठेवलेल्या रानात एका नांगरटीत ज्वारी येत नाही, एवढंच. हेच पोरगं सर्व्हेच्या प्रात्यक्षिकाला टोटल स्टेशन लावायला बारावीवाल्यांना शिकवतं, पण त्याचे गुण कुणी मोजत नाही.

त्यात भर म्हणजे उशीर. थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशफेऱ्या चालतात पार ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत. महाविद्यालय तोवर सुरू झालेलं असतं. पोरगं बॅग घेऊन पोचतं तेव्हा एम-थ्रीचे दोन धडे झालेले असतात. काही महाविद्यालयं त्यांच्यासाठी जादा तास घेतात, काही घेत नाहीत.

भाषेचंही असंच. पदविकेत अलीकडं मराठी-इंग्रजी अशी दोन्ही भाषांची सोय झाली, ती चांगलीच झाली. पण पदवीला बहुतेक ठिकाणी पेपर इंग्रजीतच लिहायचा असतो. जे पोरगं पदविकेची तीनही वर्षं मराठीच्याच आधारानं चाललं त्याला पदवीत दोन डोंगर एकदम चढायचे असतात. म्हणून सोय घ्या, पण तिसऱ्या वर्षापासून उत्तरं इंग्रजीत लिहायची सवय लावा.

यावर एकच साधा उपाय मला माहीत आहे. पदविकेची शेवटची परीक्षा संपते आणि पदवीचं महाविद्यालय सुरू होतं, यात अडीच-तीन महिने जातात. या महिन्यांत पोरगं एकतर रानात राबतं नाहीतर मोबाइलवर असतं. रानात राबू द्या, पण रोज दोन तास पदविकेच्या पहिल्या वर्षाचं गणिताचं पुस्तक पुन्हा उघडू द्या, आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून एम-थ्रीचा अभ्यासक्रम काढून घ्या. गावात कुणी बीएस्सी गणित झालेला असेल तर त्याच्याकडं पाठवा. शिकवणीला लाख रुपये दिले ते चालले, मग याला एक पोतं ज्वारी द्यायला काय हरकत आहे?

आता कागदपत्रं. आणि इथं मी शेतकऱ्यांपेक्षा गावच्या कारभाऱ्यांशी बोलतो आहे. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी भाऊसाहेब (पदांची नावं आता ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकारी अशी झाली, पण गावाच्या तोंडी जुनीच आहेत), शाळेचे मुख्याध्यापक, सगळ्यांशी.

त्या ६८ टक्क्यांच्या पोराची गोष्ट मघाशी अर्धी ठेवली होती. त्यानं पदविका चांगल्या गुणांनी केली. जिल्ह्याबाहेरच्या सरकारी महाविद्यालयात त्याच्या प्रवर्गातून जागा मिळेल असा अंदाज होता. अर्ज भरायला बसला तेव्हा नॉन-क्रीमिलेअरचा दाखला काढला, तर त्याची मुदत ३१ मार्चलाच संपलेली. हा दाखला ३१ मार्चपर्यंत चालतो, हे त्याला माहीत नव्हतं, त्याच्या बापाला माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं, हे कबूल करतो. नव्यासाठी धावपळ सुरू झाली. उत्पन्नाचा दाखला जुना म्हणून परत. कार्यालयात एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा सर्व्हर बंद. तारीख गेली. खुल्या प्रवर्गातून सरकारी जागा लागली नाही, खासगीचं शुल्क बापाला झेपणारं नव्हतं. पोरगं एक वर्ष रस्त्याच्या कामावर ठेकेदाराकडं राहिलं. पुढच्या वर्षी मे महिन्यातच सगळे दाखले काढून ठेवले आणि मग गेला. एम-थ्री एकदा राहिला, दुसऱ्या वेळी निघाला. आता शेवटच्या वर्षाला आहे. एका कागदापायी त्याचं वर्ष गेलं, आणि ते मोठ्या शिक्षण खात्यात नाही, गाव ते तहसील या पंचवीस किलोमीटरमध्ये गेलं.

राखीव प्रवर्गातल्या लेकराला जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी जुना पुरावा हवा: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०च्या, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१च्या आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा. हा पुरावा कुठं असतो? आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, नाहीतर जुन्या कोतवाल बुकात. म्हणजे तो आपल्याच गावात किंवा तालुक्याच्या अभिलेख कक्षात असतो. रजिस्टराची पानं वाळवीनं खाल्लेली, अक्षर मोडी. ही शोधाशोध प्रवेशाच्या पंधरवड्यात होत नाही. पोरगं पदविकेच्या पहिल्या वर्षाला असतानाच हा अर्ज जायला हवा. मुख्याध्यापकांनी दाखल्यावर नाव, जात, जन्मतारीख लिहिताना एक काना-मात्रा चुकवला तर त्याची दुरुस्ती करताना बापाच्या चपला झिजतात, हेही त्यांनी ध्यानात ठेवावं.

सवलतींचंही तसंच. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्याला राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या आणि नोंदणीकृत मजुराच्या लेकराला डॉ. पंजाबराव देशमुख योजनेतून वसतिगृहाचा निर्वाह भत्ता आहे. त्यासाठी तहसीलदारांचा अल्पभूधारक दाखला लागतो आणि त्याला सातबारा, आठ-अ. शिक्षण शुल्क माफीच्या पाच टक्के जादा जागा असतात, पण त्या अर्ज भरताना वेगळ्या मागाव्या लागतात. न मागता कुणी देत नाही. यातलं सगळं केंद्रीय प्रक्रियेतून जाणाऱ्यालाच मिळतं. संस्थेच्या कोट्यातून "साहेब, तुम्ही फक्त या, बाकी आम्ही बघतो" म्हणून घेऊन जाणारे एजंट गावात फिरतात, त्यांच्या मागं गेलात तर यातलं काही मिळायचं नाही. आणि एक कटू गोष्ट: माफी होते ती शिक्षण शुल्काची. मेस, खोली, पुस्तकं, डेव्हलपमेंट फी यांचा खर्च सुटत नाही, तो आधीच धरून ठेवा.

मुलींचं वेगळं सांगायला हवं. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक पदवीला गेल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तरी आपण मुलीला बारावीनंतर "बघू" म्हणतो आणि ते बघणं कशाचं असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. लातूर, तासगाव, यवतमाळ इथं मुलींची शासकीय निवासी तंत्रनिकेतनं आहेत. राहण्याची सोय तिथंच. दहावीनंतर मुलगी एकदा तिथं गेली की तीन वर्षं तिच्या स्थळांची चर्चा थांबते, आणि पदविका हातात आली की पुढं पदवीला पाठवायला आईसुद्धा तयार होते. एरवी घरात गप्प राहणारी माय या बाबतीत बापापेक्षा पुढं गेलेली मी दोन घरांत पाहिली आहे.

हे सगळं सांगताना एक राहायला नको. तंत्रनिकेतन सगळ्यांसाठी नाही. ज्याला डॉक्टर व्हायचंय, बीएस्सी ॲग्री करायचीय, त्यानं बारावीच करावी. पदविकेला गेलं की ती दारं बंद होतात आणि मग उघडत नाहीत. ज्याचं गणित-विज्ञान मुळातच पक्कं आहे आणि शिकवणीचा खर्च घराला बोचत नाही, त्यानंही बारावीचा रस्ता धरला तर माझं काही म्हणणं नाही. आणि ज्याला यंत्राची, मापाची, नकाशाची मुळीच आवड नाही, त्याला पदविकेला ढकलून काही होणार नाही. पहिल्याच वर्षी निम्मे विषय राहतात आणि पोरगं वर्गाबाहेर बसतं. काही जण म्हणतील, इंजिनिअर तर गल्लोगल्ली बेकार फिरतायत. फिरतायत, खरं आहे. १९८३ नंतर विनाअनुदानित महाविद्यालयं निघाली, त्यातली किती पुढं नावालाच उरली हे आपण पाहिलं. म्हणूनच महाविद्यालय निवडताना इमारत आणि गेट बघू नका. प्रयोगशाळेत यंत्रं चालू आहेत का, शिकवायला माणसं कायम आहेत का, मागच्या वर्षीची पोरं आज कुठं आहेत, हे तिथल्या जुन्या पोरांना विचारा. बैल घेताना दात बघता, तेवढं तरी इथं बघा.

तर कारभारी मंडळी, माझी मागणी छोटी आहे. १ मेला महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा होते. दहावीचा निकाल तेव्हा तोंडावर असतो आणि बहुतेक गावांत तो दिवस झेंडावंदन, पाणीटंचाई आणि घरकुलाच्या यादीवर जातो. त्या सभेत अर्धा तास काढा. गावातली दहावीला बसलेली आणि पदविकेच्या शेवटच्या वर्षाला असलेली लेकरं मोजा, पंचवीस-तीसच्या वर बहुतेक गावांत भरणार नाहीत. प्रत्येकाच्या नावापुढं उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रीमिलेअर, जात वैधता, अल्पभूधारक दाखला आणि आधार जोडलेलं बँक खातं, एवढे रकाने पाडा. ज्याचा रकाना रिकामा त्याचा अर्ज त्याच आठवड्यात सेवा केंद्रातून जाऊ द्या. लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ पासून आहे, दाखल्याला मुदत ठरलेली आहे. अर्जाची पावती जपून ठेवा आणि मुदत उलटली तर अपील करा. आमच्या गावात यंदा ही यादी केली. एकोणीस लेकरं निघाली आणि अकरा जणांचे नॉन-क्रीमिलेअर ३१ मार्चला संपलेले होते.